आभाळाला फूटपट्टी नसते

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. दुपारची श्रीखंड-पुरी अजून अंगात होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत माणसं अंगणात, गच्चीवर, भर रस्त्यात थांबून वर बघू लागली. जळते ठिपके एकामागोमाग एक, प्रत्येकाला शेपटी, आणि सगळी वरात सावकाश एका दिशेने चाललेली. मोबाइल वर झाले. रात्रीचं जेवण होईपर्यंत चार मतं तयार होती: विमान कोसळलं, क्षेपणास्त्र होतं, उल्का होती, उडती तबकडी होती.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. त्या रात्री तिथे धातूचं एक भलंमोठं कडं आभाळातून येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. परिसरात धातूचा गोळाही सापडला. कडं पोलिस ठाण्यात नेऊन ठेवलं गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहायला आले. उपग्रहांच्या कक्षांचा हिशोब ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी जुळवणी केली ती अशी: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता. बहुधा तोच हा.

मी हौशी आकाशदर्शनवाला आहे. डोंगरावर दुर्बीण लावली की शनीची कडी पाहून झाल्यावर कोणीतरी हळूच विचारतंच, "सर, ते यूएफओ वगैरे खरं असतं का हो?" दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

यूएफओ म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू. बस्स. या शब्दात परग्रह नाही, यान नाही, हिरवी माणसं नाहीत. लाडबोरीचं कडं मॅकडॉवेल यांनी ओळखेपर्यंत यूएफओच होतं. "तुमचा यूएफओवर विश्वास आहे का?" हा प्रश्न म्हणूनच मला विनोदी वाटतो. न ओळखलेल्या गोष्टी असतात, त्यावर विश्वास कसला ठेवायचा? हल्ली अमेरिकी सरकारने यूएपी असा नवा शब्द काढलाय, पण त्यातही मूळ मुद्दा 'ओळख पटली नाही' हाच.

ओळख का पटत नाही? बहुतेक वेळा एकाच कारणामुळे. समोरची वस्तू किती लांब आहे ते आपल्याला कळत नाही.

डोळ्याला फक्त कोन कळतो

हात लांब करा आणि करंगळीने पौर्णिमेचा चंद्र झाका. आरामात झाकला जातो. चंद्राचा व्यास जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर, करंगळीची रुंदी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. डोळ्याच्या लेखी दोन्ही सारख्याच, कारण डोळा मोजतो तो कोन. जमिनीवर याने काही अडत नाही. बैल दिसला की तो किती लांब आहे हे कळतं, कारण बैल केवढा असतो हे आपल्याला माहीत असतं. शिवाय मध्ये बांध असतो, बाभूळ असते, विजेचा खांब असतो. रात्रीच्या आभाळात यातलं काहीच नसतं.

आता वेगाकडे या. समजा एक ठिपका सेकंदाला दहा अंश सरकतोय. तो शंभर मीटरवर असेल तर त्याचा वेग ताशी ६३ किलोमीटर, म्हणजे घाईत असलेला पारवा. तोच ठिपका दहा किलोमीटरवर असेल तर वेग ताशी सहा हजार किलोमीटरच्या वर गेला, आणि पृथ्वीवरचं कुठलं विमान असं उडत नाही असं म्हणायला आपण मोकळे. ठिपका तोच, डोळाही तोच, बदललं फक्त अंतर. ते आपण मनानेच धरलेलं असतं आणि धरलंय हे लक्षातही येत नाही.

उडत्या तबकड्यांची सगळी गोष्ट सुरूच अशा एका अंदाजातून झाली. २४ जून १९४७. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अरनॉल्ड नावाचा गृहस्थ स्वतःचं छोटं विमान उडवत होता. आग विझवायचं सामान विकणं हा त्याचा धंदा. त्या भागात लष्कराचं एक मालवाहू विमान हरवलं होतं, शोधणाऱ्याला पाच हजार डॉलरचं बक्षीस होतं, म्हणून तोही जाता जाता शोधत होता. माउंट रेनियरजवळ त्याला नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. रेनियर ते माउंट अ‍ॅडम्स हे अंतर त्यांना किती वेळ लागतो ते त्याने घड्याळावर पाहिलं: एक मिनिट बेचाळीस सेकंद. गणित ताशी सतराशे मैलांच्या आसपास गेलं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना, म्हणून त्याने ते बाराशेवर आणलं. आवाजापेक्षा वेगाने विमान नेणारा चक येगर अजून उडायचा होता, ते घडलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.

माणूस प्रामाणिक होता, घड्याळही बरोबर असेल. पण वस्तू त्याने धरल्या तितक्या दूर, त्या शिखरांच्या रांगेपाशी होत्या, यावर सगळं उभं आहे. त्या बऱ्याच जवळ असतील तर वेग धडाधड खाली येतो, इतका की पाणकोळी पक्ष्यांचा थवा असल्याचंही काहींनी सुचवलंय. नेमकं काय होतं ते कधीच ठरलं नाही.

गंमत शब्दाची झाली. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती, असं अरनॉल्ड सांगत होता. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी बशी उचलली, 'फ्लाइंग सॉसर' छापलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत शेकडो लोकांना आभाळात गोल बशा दिसू लागल्या. त्याने स्वतः काढलेल्या चित्रांतल्या आकृत्या तशा गोल बशा नव्हत्याच. मराठीत बशीची तबकडी झाली हे बरं झालं. 'उडती बशी' म्हटलं असतं तर आत चहा सांडलेला दिसला असता.

असला घोटाळा आपल्याकडे थेट सीमेवर झाला. लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला, चौदा हजार फुटांच्या आसपास, आपल्या लष्कराच्या चौक्या आहेत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात जवानांनी आकाशातल्या तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, आणि त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून अलीकडे आली असं लिहिलं. चिनी हेरगिरीचे ड्रोन असावेत असा संशय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला बोलावलं गेलं. त्या वस्तू निघाल्या गुरू आणि शुक्र.

हसू येतं, पण हसण्याआधी स्वतःला तिथे उभं करून बघा. विरळ हवा, धुळीचा मागमूस नाही, शहराचा उजेड नाही. अशा ठिकाणी शुक्र आपल्या गावातल्या शुक्रासारखा दिसत नाही, डोंगराच्या कडेवर कोणी दिवा धरल्यासारखा दिसतो. रोज थोडा सरकतो. डोंगरामागे गेला की 'तिकडे परत गेला'. ड्रोन की ग्रह हे ठरवायला पुन्हा अंतरच लागतं, आणि ते सांगायला चौकीवर कोणी नव्हतं.

रात्री दिवे घालवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक पेटती अगरबत्ती ठेवा आणि फक्त त्या लाल ठिपक्याकडे टक लावा. मिनिटाभरात ठिपका डुलायला लागेल, वर जाईल, बाजूला सरकेल. आजूबाजूला टेकू द्यायला काही नसलं की डोळ्याच्या बारीक हालचाली मेंदू ठिपक्याच्या नावावर टाकतो. वैमानिकांना प्रशिक्षणात हे शिकवतात. "तो तारा जागच्या जागी नाचत होता" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते दिसलेलंच असतं.

मग कॅमेरा तरी खरं सांगतो का? २०१५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नौदलाच्या लढाऊ विमानाने घेतलेला एक व्हिडिओ 'गोफास्ट' नावाने गाजला. समुद्राच्या पाण्यालगत एक पांढरा ठिपका सुसाट जाताना दिसतो, वैमानिक चकित होऊन ओरडतो. पण त्याच पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि ठिपक्याचं अंतर असे आकडेही आहेत. नासाच्या अभ्यासगटाने ते घेऊन शाळेतली त्रिकोणमिती लावली. सप्टेंबर २०२३ च्या त्यांच्या अहवालानुसार वस्तू पाण्यालगत नव्हतीच, १३ हजार फुटांवर होती, आणि वेग ताशी ४० मैल, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूचा असावा तेवढा. वेग होता तो विमानाचा. एसटीच्या खिडकीतून बघताना शेताच्या मधोमध उभं असलेलं आंब्याचं झाड मागच्या डोंगरासमोरून कसं सरसर पळतं, तसं.

तुकड्यांचं धड

पाडव्याच्या त्या वरातीकडे पुन्हा येतो, कारण तिथे आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. उल्का सेकंदाला दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त किलोमीटर वेगाने येते, दोन-चार सेकंदांत संपते. कक्षेतून उतरणारं रॉकेट त्या मानाने निवांत, सेकंदाला सात-आठ किलोमीटर. ते जमिनीला जवळपास समांतर जात तुटत जातं, म्हणून मिनिटभरही दिसू शकतं. आणि इतक्या उंचीवर जळतं की तीन राज्यांना एकदम दिसतं. तरी बघणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते की ते पलीकडच्या शिवारातच पडलं.

३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या झाँड ४ या अवकाशमोहिमेचे तुकडे असेच जळत अमेरिकेवरून गेले. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या हाताखाली तेव्हा यूएफओंचा सरकारी अभ्यास चालू होता, त्यांच्याकडे लोकांची वर्णनं आली. बऱ्याच जणांनी नीट लिहिलं: जळते ठिपके, ओळीने, आवाज नाही. पण काहींनी लांबट आकाराचं एक यान पाहिलं होतं, चौकोनी खिडक्या असलेलं, आतून उजळलेलं. ठिपके खरे, खिडक्या मनाच्या. अंधारात सुटे दिवे एकत्र सरकताना दिसले की मध्ये धड असणारच असं मेंदू गृहीत धरतो आणि ते भरूनही टाकतो. हे लिहिणारे लोक शिकलेसवरलेले होते.

आता तर असल्या ओळी दर काही दिवसांनी दिसतात. मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ६० उपग्रह एकदम सोडले गेले, तेव्हापासून सुटल्यावर पहिले काही दिवस ते माळेसारखे ओळीत जातात. त्या संध्याकाळी माझा फोन वाजतोच.

लपवलं होतं, पण ते नाही

"सरकार लपवतंय" हा यूएफओवाल्यांचा आवडता मुद्दा, आणि तो धडधडीत खोटा नाही. सरकार लपवत होतंच. फक्त काय लपवत होतं याचं उत्तर अनेकांना आवडत नाही.

रॉझवेल घ्या. १९४७ चाच उन्हाळा, न्यू मेक्सिको. मॅक ब्रेझल नावाच्या माणसाला कुरणात कचरा सापडला: रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा कागद, बारीक काड्या, चिकटपट्टी. देशभर 'तबकडी, तबकडी' चाललेलं, म्हणून त्याने कळवलं. ८ जुलैला रॉझवेलच्या हवाई तळाने पत्रक काढलं की आम्हाला उडती तबकडी मिळाली. लगोलग वरिष्ठांनी खुलासा केला, हा तर हवामानाचा फुगा. आणि विषय संपला. खरंच संपला, तीस वर्षं रॉझवेलचं नाव कोणी घेत नव्हतं. १९७८ मध्ये त्या तळावरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याची मुलाखत झाली, मग पुस्तक आलं, मग मृतदेह आले, शवविच्छेदनं आली. दर दशकात गोष्टीला एक मजला चढत गेला.

हवामानाचा फुगा हे खोटं होतं. खरं काय ते अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. प्रोजेक्ट मोगल नावाची गुप्त योजना होती. सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली तर तिच्या आवाजाच्या लहरी वरच्या हवेतून दूरवर पोचतील, त्या पकडायला फुग्यांच्या लांबच लांब माळा आणि रडारला दिसणारे चकचकीत परावर्तक न्यू मेक्सिकोतून सोडले जात. परावर्तक बांधायला वापरलेल्या चिकटपट्टीवर फुलाफुलांची नक्षी होती, ती पुढे काही जणांना 'परग्रहाची लिपी' वाटली. रॉझवेलच्या अधिकाऱ्यांना मोगलबद्दल माहिती नव्हती. म्हणजे लपवणाऱ्या खात्याचा उजवा हात डाव्याला ओळखत नव्हता. सरकारी कचेरीत एकदा तरी हेलपाटा घातलेल्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये.

पुढे यू-२ आलं. १९५५ मध्ये हे हेर विमान उडू लागलं तेव्हा प्रवासी विमानं दहा-वीस हजार फुटांवरून जायची आणि हे साठ हजारांच्या वर. खाली सूर्य मावळलेला, वर त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला डोक्यावर कितीतरी उंच एक पेटलेला ठिपका दिसायचा, आणि त्या उंचीवर माणूस उडतो हेच त्याला ठाऊक नसायचं. १९५० च्या दशकाअखेरच्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक यूएफओ नोंदी या असल्या उड्डाणांमुळे आल्या असं सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या एका इतिहासात म्हटलंय. 'निम्म्याहून अधिक' हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, मलाही ते जरा फुगवलेलं वाटतं. पण एरिया ५१ या ज्या गुप्त लष्करी तळाभोवती एवढी मिथकं आहेत, तिथे यू-२ ची चाचणी होत होती हे आता कागदोपत्री आहे.

फुग्यांवर आणखी थोडं लिहितो, कारण तो आपल्या अंगणातला विषय आहे. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. पातळ प्लास्टिकचे अवाढव्य फुगे उपकरणं घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात, वाऱ्याबरोबर सरकतात, आणि उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी मराठवाड्यात-विदर्भात. उपकरणाला हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशा जाहीर सूचना त्याआधी वर्तमानपत्रांत येतात. आता कल्पना करा, तुम्ही नांदेडकडे पहाटे पाण्याची पाळी द्यायला उठलात. रानात मिट्ट काळोख आणि डोक्यावर ३५ किलोमीटरवर एका फुग्याला सूर्य आधीच दिसलाय. ना आवाज, ना हालचाल. वर्तमानपत्रातली सूचना कोण वाचतो!

चकवा

दिवे दिसणं वेगळं आणि "त्यांनी मला उचलून नेलं" हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात अंतर कामाला येत नाही, तिथे घोळ आठवणीचा असतो.

१९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं सहलीहून न्यू हॅम्पशायरमधल्या घरी परतत होतं. निर्जन डोंगरी रस्ता, थकलेले डोळे, मागे मागे येणारा एक दिवा. घरी पोचल्यावर वाटू लागलं की प्रवासाला लागायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. काही दिवसांनी बेटीला स्वप्नं पडू लागली: यान, छोटी माणसं, तपासणीचं टेबल. तिने ती लिहून काढली, माणसांना सांगितली, नवऱ्यानेही ऐकली. १९६४ मध्ये बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं, आणि अपहरणाची सविस्तर कथा बाहेर आली. जगभरच्या पुढच्या शेकडो अपहरणकथांचा साचा हाच.

सायमन यांचं स्वतःचं मत मात्र फारसं कोणी सांगत नाही. बेटीची स्वप्नं नवऱ्याच्याही मनात उतरली आणि दोघांना ती आठवण वाटू लागली, अशा निष्कर्षाला ते आले होते. त्यांना ही माणसं लबाड वाटली नाहीत, मलाही वाटत नाहीत. संमोहनाने पुसलेली टेप पुन्हा वाजते हा गैरसमज आहे. तिथे माणूस सुचवलेलं पटकन उचलतो, कल्पनेचे रंग भरतो आणि वर त्याची खात्रीही वाढते. बार्नी कृष्णवर्णीय आणि बेटी गोरी, आणि काळ १९६१ चा. रात्री आडरस्त्याला मागे लागलेल्या दिव्याची त्या माणसाला वाटलेली भीती मी तरी यानावर ढकलून मोकळा होणार नाही.

रात्री अंथरुणात घडणाऱ्या अपहरणांना तर झोपेचं एक सरळ कारण आहे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू लुळे करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे खरंच पळत सुटलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि लुळेपणा मागे राहतो. डोळे उघडे, हात-पाय हलत नाहीत, छातीवर ओझं, खोलीत कोणीतरी आहे ही खात्री. आपल्याकडे "छातीवर बसलं होतं" म्हणतात, जपानमध्ये कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी बसते. अमेरिकेत १९६० नंतर करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची माणसं येऊ लागली. अनुभव एकच, पाहुणा त्या त्या गावचा.

वेळ हरवण्याला तर आपल्याकडे नेमका शब्द आहे: चकवा. नेहमीच्या वाटेवर माणूस रात्रभर फिरत राहतो, पहाटे भानावर येतो तेव्हा तिथेच असतो. आणि दलदलीवर, मसणवटीत दिसणाऱ्या दिव्यांना आग्यावेताळ. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये पाणथळ जागी दिवे दिसले तेव्हा हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी 'दलदलीचा वायू असेल' असं सांगितलं, आणि लोक एवढे खवळले की तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. मिशिगनच्या शेतकऱ्याला आग्यावेताळ चालला असता की नाही कोण जाणे, वायू मात्र चालला नाही. जॅक व्हॅले हे फ्रेंच अभ्यासक तर १९६९ पासून सांगत आलेत की या कथा पऱ्या, बुटके, भुतं यांच्या जुन्या लोककथांशी हुबेहूब जुळतात. ते त्यातून दुसऱ्याच मितीतल्या अस्तित्वापर्यंत जातात, तिथे मी त्यांच्याबरोबर जात नाही. पण जुळणी त्यांनी बरोबर पकडली.

उरलेले ७०१

१९५२ ते १९६९ अमेरिकी हवाई दलाने प्रोजेक्ट ब्लू बुक चालवला. १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ अखेरपर्यंत ओळखता आल्या नाहीत. म्हणजे शंभरात पाच-सहा. हा आकडा दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या घेण्यासाठी वापरतात. माझं म्हणणं साधं आहे. पोलिसांच्या दप्तरी न सापडलेल्या चोरांचे गुन्हे असतात, ते भुतांनी केले असं आपण म्हणत नाही. माहिती अपुरी पडली एवढाच त्याचा अर्थ. त्याचबरोबर 'सगळं उलगडलंय' असं म्हणणंही खोटं.

२००४ च्या नोव्हेंबरात सॅन दिएगोजवळच्या समुद्रावर नौदलाचे वैमानिक डेव्हिड फ्रेवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू पाहिली. ती त्यांच्या हालचालींना प्रतिसाद दिल्यासारखी फिरली आणि झटकन निघून गेली. अनुभवी माणूस, भर दुपार, एकाहून अधिक साक्षीदार, जहाजावर रडार. हे प्रकरण मला अजून खटकतं. पण त्यांच्या नजरेसमोर जे घडलं त्याची मोजमापं जाहीर झालेली नाहीत, आणि प्रसिद्ध झालेला व्हिडिओ नंतर दुसऱ्या विमानाने घेतलेला आहे. मोजमाप नाही तोवर मी 'माहीत नाही' म्हणतो आणि थांबतो.

जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात अशा १४४ नोंदी होत्या आणि एकच खात्रीने ओळखली गेली: हवा जात असलेला मोठा फुगा. २६ जुलै २०२३ ला डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने तिथल्या संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की सरकारकडे कोसळलेली यानं आणि मानवेतर जैविक अवशेष आहेत. स्वतः पाहिलेलं काही नव्हतं, इतरांकडून ऐकलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या या विषयासाठीच नेमलेल्या कार्यालयाने अहवाल दिला की असा कुठलाच पुरावा सापडला नाही. ज्यांना विश्वास ठेवायचा होता त्यांनी यालाही लपवालपवीत धरलं. या वादाला शेवट नाही, मीही इथे फार वेळ घालवत नाही.

आणि खरं अंतर

"पण विश्वात दुसरीकडे कोणीच नसेल का?" हा प्रश्न वेगळा आहे आणि फार चांगला आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला जेवायला जाताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकारी एका व्यंगचित्राबद्दल बोलत होते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून कचऱ्याचे डबे गायब होत होते आणि चित्रात तबकडीतून आलेले पाहुणे ते घेऊन चाललेले. हसणं झालं, गप्पा दुसरीकडे वळल्या, आणि जेवता जेवता फर्मी एकदम म्हणाले, सगळे आहेत कुठे? एवढे तारे, एवढा काळ, मग कोणी दिसत का नाही? आजही त्यावर शोधनिबंध निघतात.

उत्तराचा एक भाग पुन्हा अंतर हाच असावा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सतरा किलोमीटर जातं. मुंबई ते पुणे नऊ-दहा सेकंदांत. त्या वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला सत्तर हजार वर्षांहून अधिक लागतील. एवढा पल्ला मारून आलेला पाहुणा रात्री शेतावर दिवे मिचकावून परत जाईल, हे मला पटत नाही.

जयंत नारळीकरांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला होता. यानं येवोत न येवोत, जंतू येतात का? २१ जानेवारी २००१ च्या सुमारास, तेही हैदराबादच्या त्याच केंद्रातून, फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे निर्जंतुक नमुने घेतले गेले. २००५ मध्ये पुन्हा. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचाही वाटा होता. एका प्रजातीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं. ते अंतराळातूनच आले असं सिद्ध झालेलं नाही, पृथ्वीवरून वर गेले असतील असं बहुतेकांना वाटतं. पण नमुना होता, कुपी होती, उंची मोजलेली होती, आणि शंका घेणाऱ्याला प्रयोगशाळेत बोलावता येत होतं.

तुम्हाला काही दिसलंच, तर एवढं करा. वेळ लिहा, मिनिटासकट. दिशा लिहा. हात ताठ करून मूठ धरा: मुठीची रुंदी साधारण दहा अंश, क्षितिजापासून वस्तू किती मुठी वर आहे ते मोजा. व्हिडिओ घेताना चौकटीत झाडाचा शेंडा, विजेची तार, शेजारच्या घराची कौलं, काहीतरी येऊ द्या. फोन भिंतीला टेकवा. आणि झूम करू नका. झूम केलं की फोकस सुटतो, आणि फोकस सुटलेला कुठलाही ठिपका भिंगाच्या छिद्राचा आकार घेतो. अमेरिकी नौदलाच्या एका गाजलेल्या व्हिडिओतल्या लुकलुकणाऱ्या यानांचा त्रिकोणी आकारही असाच उपकरणांत तयार झाला होता, हे मे २०२२ मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्याने संसदेत सांगितलं. आपल्या मोबाइलचं छिद्र गोल असतं, त्यामुळे आपल्याला तबकडी मिळते.